कच्च्या टोमॅटोवर फोडलेलं खापर

आमच्याकडे टोमॅटोवर मारायच्या विषाला औषध म्हणतात. दुकानात जाऊन औषध मागतात, टाकीत औषध कालवतात, तोंडाला रुमाल बांधून औषध मारायला जातात. आणि झाडानं स्वतःच्या जिवासाठी पानात, देठात, कच्च्या फळात जे काही कडू साठवून ठेवलेलं असतं, त्याला मात्र विष म्हणतात. हा उलटा न्याय मी लग्न होऊन जुन्नर तालुक्यात आले तेव्हापासून ऐकत होते. त्याचा राग मात्र कधी आला नव्हता. तो आला त्या उन्हाळ्यात, कारण त्या उन्हाळ्यात त्या न्यायात मीच सापडले. सासूला विष घातलं, असं माझ्या नावावर लागलं, आणि तेही एका चटणीपायी.

चटणी कच्च्या टोमॅटोची. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या बाजूचं. तिकडे आई करायची तशीच मी इकडे करायला लागले. हिरवे, कडक टोमॅटो चिरायचे, तव्यावर तेलात चांगले मऊ होईस्तोवर परतायचे, मग मिरच्या, लसूण, भाजलेले शेंगदाणे घालून वाटायचं. आंबट, तिखट, आणि मागून जिभेवर रेंगाळणारा जरासा कडवटपणा. तो कडवटपणाच तिची खरी चव. आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, या चटणीवर इतक्या खूश होत्या की पाहुण्यांपुढं माझ्या स्वयंपाकातली तेवढी एकच गोष्ट वाखाणायच्या. बाकीच्याला नावं ठेवायच्या. त्यामुळं त्या चटणीचा मला अभिमान होता, हे सरळच सांगते.

आमच्या घरात दोन भाऊ, एक अंगण आणि दोन चुली. माझे यजमान चाकणला कंपनीत, पाळ्या सांभाळून ये-जा करणारे. शेती सगळी थोरल्या दिरांच्या हातात. आत्याबाई आमच्या चुलीवर. मी त्यांना वाढत आले आणि त्या नावं ठेवत जेवत आल्या, अशी आमची इतक्या वर्षांची घडी बसलेली होती.

टोमॅटोच्या प्लॉटमध्ये आमच्याकडे एक पद्धत आहे. आमच्याच नाही, पुष्कळांच्या शेतात आहे, पण मोठ्यानं कुणी बोलत नाही. बांधाकडची एक सरी घरच्यासाठी सोडतात. तिला औषध मारत नाहीत. अळी पडू दे, पानं वाकडी होऊ देत, फळं डागाळू देत; घरात खायला तीच. फवारणाऱ्याला ओळखू यावी म्हणून त्या सरीच्या पहिल्या बांबूला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. "चिंधीची सरी सोड," एवढं सांगितलं की काम झालं. बाकीच्या सगळ्या सऱ्या बाजाराच्या. त्यांच्यावर काय मारलं, किती मारलं आणि मारल्यावर तोडा कधी केला, हे विचारायचं नाही. बाटलीवर लिहिलेलं असतं, मारल्यापासून किती दिवस फळ तोडू नये ते. ते वाचायला आमच्याकडे चष्मा सापडत नाही, आणि भाव वर असला तर डोळेच सापडत नाहीत.

ही चिंधी मला नवीन असताना गंमत वाटायची. आता तिच्याकडं बघितलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्या दिवशी दुपारी मी चटणी केली. टोमॅटो आदल्या दिवशी संध्याकाळी घरच्या सरीतून आणून ठेवलेले होते. आत्याबाई जेवल्या, मी जेवले, थोरल्या जाऊबाई वाटीभर घेऊन गेल्या, त्यांच्याकडंही सगळ्यांनी खाल्ली. थोरल्या दिरांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. मग उन्हं जराशी कलल्यावर आत्याबाई खुरपं घेऊन प्लॉटवर गेल्या. वय झालं तरी त्यांचं खुरपं सुटलं नव्हतं.

दिवेलागणीला त्या बांधावरून येताना दिसल्या त्याच लटपटत. अंगणात येऊन बसल्या आणि भडाभडा ओकल्या. घाम असा की पोलकं पिळून काढावं. तोंडातून लाळ गळायची थांबेना, दंडावरचं मांस आपोआप उडत होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तर म्हणाल्या, "दिसंना गं मला. समदं धुरकाट दिसतंय." थोरल्या दिरांनी गाडी काढली, आम्ही त्यांना नारायणगावला एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पापणी उघडून बॅटरी मारली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "शेतातल्या फवारणीशी संबंध आला होता का?"

दीर म्हणाले, "न्हाई साहेब. म्हातारं माणूस फवारणीला कशाला जाईल? दुपारी हिरव्या टोमॅटोची चटणी खाल्ली व्हती तिनं."

डॉक्टर म्हणाले, "चटणीनं असं होत नाही. मी फवारणीचंच धरून उपचार करतो." आणि त्यांनी तसंच केलं, म्हणून आत्याबाई वाचल्या. मी तिथंच शेजारी उभी होते. दोन्ही वाक्यं मी माझ्या कानांनी ऐकली. पण दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत डॉक्टरांचं वाक्य वाटेतच कुठंतरी सांडलं आणि दिरांचं तेवढं घरी पोचलं.

सकाळी नणंद मंचरहून आली. तिच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ होता. लाल अक्षरं, धडधडणारं संगीत, आणि एक बाई घाबऱ्या आवाजात सांगत होती, हिरव्या टोमॅटोत विष असतं, आपल्या माणसांना वाचवा. नणंदेनं तो आधी जाऊबाईंना दाखवला, मग शेजारणींना, मग भेटायला येईल त्याला. मला सगळ्यांत शेवटी. "वहिनी, तुला म्हाईत नव्हतं का गं?" असं म्हणाली. त्या 'का गं'मध्ये जे होतं, ते मी अजून विसरलेले नाही.

मी म्हटलं, "वन्सं, चटणी सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. मग एकट्या आत्याबाईंनाच कसं झालं?"

"म्हाताऱ्या माणसाला बाधतं," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. झालं, निकाल लागला. मी वकील नाही, आणि असते तरी त्या धडधडणाऱ्या संगीतापुढं माझं काय चाललं असतं?

यजमान आले. त्यांना मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे, आई बरी झाली ना? उगं भांडणं नकोत." मूग गिळून बसायची परीक्षा असती तर आमचे यजमान बोर्डात आले असते.

आत्याबाई घरी आल्या त्या आमच्याकडं नाही, अंगणापलीकडं थोरल्यांकडं. चार दिवस तिकडं राहू दे, म्हणाले. चार दिवसांचे किती दिवस झाले ते मी मोजलं नाही. मी सकाळी चहा घेऊन गेले तर आत्याबाईंनी कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ठेव. थोरलीनं केलाय मगाशी." कप तिथंच निवला. नावं ठेवली असती तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी नावंसुद्धा ठेवली नाहीत. घरी येऊन मी भांडी अशी आपटली की एका पातेल्याला पोचा पडला, तो अजून आहे.

माझी मुलगी पुण्याला शेतीचं शिकते. तिला फोन लावून म्हटलं, खरं काय ते सांग, मला समजावण्यासाठी गोड बोलू नकोस. तिनं सांगितलं, "आई, असतं. त्याला टोमॅटिन म्हणतात. पानांत सगळ्यात जास्त, कोवळ्या फळात बरंच. किडीनं आणि बुरशीनं खाऊ नये म्हणून झाड ते तयार करतं. फळ पिकत जातं तसं ते कमी होत जातं. तोवर आत बी तयार झालेलं असतं ना, मग कुणीतरी फळ खाऊन बी लांब न्यावं, असाच सगळा बेत असतो. चटणीभर खाल्ल्यानं माणसाला काही होत नाही. पाटीभर खाल्लंस तर पोट बिघडेल. आणि पाल्याची भाजी करू नकोस म्हणजे झालं."

"पाला आपली शेळीसुद्धा हुंगून सोडून देते," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि मला त्या झाडाचंच वाईट वाटायला लागलं. त्याला पळता येत नाही, हाकलता येत नाही, फांदी उगारता येत नाही. म्हणून ते कडू होतं. आणि लपवतं तरी काय? तोडा करताना हात असे काळे-हिरवे होतात की साबण हरतो. शेवटी एक कच्चा टोमॅटोच हातावर चोळावा लागतो, तेव्हा कुठं ते निघतं. वासावरून कळतं, रंगावरून कळतं, जिभेला कळतं. आणि फळ खायला तयार झालं की झाड आपलं विष आपणहून कमी करतं. आमचं औषध लालभडक, चकचकीत फळावर बसलेलं असतं. ना रंग, ना चव, आणि कमी होण्याआधीच तोडा. तरी गुन्हेगार कोण, तर झाड. आणि झाडाच्या वतीनं मी.

आत्याबाईंना जरा बोलावंसं वाटायला लागल्यावर मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसले. विचारलं, "त्या दिवशी प्लॉटवर काही खाल्लंत का?"

"काय खायाचं? ते आपलं नेहमीचं," त्या म्हणाल्या. "तोंडाला कोरड पडली व्हती. घरच्या सरीतलं कच्चं टमाटं घेतलं, पदराला पुसलं आन् खाल्लं. दोन-तीन आसतील."

"वास नाही आला औषधाचा?"

"वास तर समद्या शिवाराला येतोय गं. आन् घरच्या सरीला कुटं मारत्यात?"

तोच प्रश्न घेऊन मी उठले ती तडक प्लॉटवर गेले. बांधाकडच्या आमच्या सरीत शिरले आणि उभीच राहिले. आमच्या त्या सरीत पानांवर नागअळीच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा नाहीत असं कधी झालं नव्हतं. हात लावला की पांढऱ्या माश्या भुर्रकन उडायच्या. त्या दिवशी एक माशी उडाली नाही. नव्या पानांवर एक रेघ नाही. पानांच्या टोकाला औषध वाळल्याचे पांढुरके डाग. मग पहिल्या बांबूकडं बघितलं, तर तिथं चिंधीच नव्हती. बांबूच नवा होता, बारीक, हिरवट.

चिंधी सापडली प्लॉटच्या मध्यावर, बाजाराच्या सरीत. जुना, जाड बांबू आणि त्यावर आत्याबाईंच्या लुगड्याचं तेच किरमिजी टोक. त्या सरीत माश्या होत्या, रेघा होत्या, फळं अळीनं पोखरलेली होती. फवारणाऱ्यानं इमानदारीत चिंधीची सरी सोडली होती. फक्त सरी चुकीची होती.

थोरल्या दिरांना मी तिथंच हाक मारली. ते आले, त्यांनी चिंधी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. मग हळूहळू आठवून सांगू लागले. वळवाच्या वाऱ्यानं मधली ओळ आडवी झाली होती. जाड बांबू हाताशी नव्हता. बांधाकडचा उपटला आणि इथं ठोकला, तिथं एक बारका रोवला. घरचीच तर सरी, पडली तर पडली, असं त्यांना वाटलं. चिंधी सोडवायची राहून गेली. आत्याबाईंना झालं त्याच दिवशी सकाळी फवारणाऱ्याला नेहमीसारखं सांगितलं, चिंधीची सरी सोड.

चूक कुणाच्याही हातून होते. बांबूचा मला राग नव्हता. मी म्हटलं, "भावजी, मग आता घरी चला आणि एवढंच सगळ्यांना सांगा."

ते म्हणाले, "कशाला? म्हातारी बरी झालीया. आता उकरून काय काडायचं? आन् गावात झालं म्हंजी व्यापाऱ्याच्या कानावर जातंय. आपला माल कोन घेईल?"

"आणि माझं काय?"

"तुजं काय? चटणीनं व्हतं कदी कदी, लोकं इसरून जात्यात."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. चटणीनं होत नाही हे त्यांना माहीत होतं. मी निर्दोष आहे हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. पण मला दोषी ठेवणं सोयीचं होतं. टोमॅटोच्या झाडाला तोंड नाही, आणि धाकट्या सुनेला असलं तरी तिचं बोलणं धरायचं नसतं. दोघांवर मिळून खापर फोडलं की माल मोकळा. मी त्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर ते बोलणं बांधावरच राहिलं असतं.

आत्याबाई हिंडू-फिरू लागल्यावर त्यांना ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला नेलं. नवसच बोलले होते दीर. येताना नणंद, तिचे यजमान, भावकीतली दोन-चार माणसं, सगळे घरी जेवायला आले. स्वयंपाक अर्थातच जाऊबाईंकडं. मला सांगितलं, तू नुसती पाणी वाढ. मी पाणी वाढलं. सगळ्यांची पानं मांडून झाली तेव्हा घरात गेले आणि दोन ताटल्या घेऊन आले. दोन्हींत कच्चे टोमॅटो, धुतलेले, हिरवेगार, बाजूला मीठ.

नणंद दचकून म्हणाली, "आगं बाई, पुन्हा?"

मी ताटल्या आत्याबाईंच्या पुढं, पण माझ्या हाताखाली ठेवल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आत्याबाई, ही ताटली बांधाकडच्या आपल्या घरच्या सरीतली. आणि ही प्लॉटच्या मधल्या बाजाराच्या सरीतली. झाडाचं विष म्हणाल तर दोन्हींत सारखंच. तुम्हाला कुठला खावासा वाटतो?"

कुणाला काही कळेना. यजमान खाली बघू लागले. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी हात पुढं केला, अर्थात घरच्या सरीच्या ताटलीकडं. आयुष्यभर त्या तेच खात आल्या होत्या. एक टोमॅटो उचलला आणि सवयीनं पदराला पुसला.

"आये, ते नको!"

थोरले दीर पानावरून उठले होते. भाताचा हात तसाच, त्याच हातानं त्यांनी आत्याबाईंचं मनगट धरलं. टोमॅटो खाली पडला आणि घरंगळत नणंदेच्या पानाशी जाऊन थांबला.

आत्याबाई आपल्या मनगटाला लागलेली शितं बघत होत्या. मग त्यांनी लेकाला विचारलं, "का रं? घरच्या सरीतलं का नको?"

आता सांगण्यावाचून गती नव्हती. त्यांनी सांगितलं, उभ्याउभ्याच, खाली मान घालून. बांबू, वारा, चिंधी, सगळं. नणंदेनं मोबाइल उलटा करून मांडीखाली सरकवला.

मी काही इतकी दुष्ट नाही. दोन्ही ताटल्यांतले टोमॅटो आमच्या गोठ्यामागच्या एकाच झाडाचे होते. शेणाच्या ढिगाजवळ आपोआप उगवलेलं, औषधाचा थेंब न लागलेलं. ते मी सगळ्यांना सांगितलं, तेव्हा आत्याबाईंनी दुसऱ्या ताटलीतला एक उचलला, मिठाला लावला आणि करकर चावून खाल्ला. तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, "कडू लई. आन् मीठ जाडं हाय. तुला कितींदा सांगितलं, मीठ बारीक करीत जा."

इतक्या दिवसांनी नाव ठेवलं त्यांनी मला. मी आत जाऊन मीठ बारीक करत बसले आणि डोळ्याला पदर लावला. त्या रात्रीचं जेवण त्यांनी आमच्याकडं घेतलं.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दुपारची जेवणं आटोपली आणि अंगणात पिकअप येऊन उभी राहिली. सकाळी त्याच प्लॉटचा तोडा झालेला होता. मधल्या दिवसांत पुन्हा फवारणी झाली होती, आणि नेहमीप्रमाणे बाटलीवरचे दिवस कुणी धरले नव्हते. टोमॅटोनं भरलेली प्लॅस्टिकची कॅरेट एकावर एक चढली. बाजाराच्या सऱ्यांचा माल, आणि यंदा औषध लागल्यामुळं घरी नको झालेली घरची सरीसुद्धा. ती कशी एकदम चकचकीत निघाली होती, एकाही फळाला डाग नाही.

थोरले दीर कॅरेटवर दोरी टाकत होते. मघाचं मनगट धरणारा तोच हात. मी जवळ गेले आणि म्हटलं, "भावजी, हे खाणाऱ्यांनाही आया असतील."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. दोरीचा पीळ आवळला, गाठ मारली, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल, लवकर काड गाडी. माल ताजा हाय."